लातुरात हिवाळा काढलेली नाव

लातुरात नावेला जागा भरपूर आहे, पाणी नाही. हे शहरात सर्वांना माहीत होतं. तरीही भूकंपानंतर काही वर्षांनी एका क्लासच्या फाटकावर खरीखुरी लाकडी नाव आली आणि तिने अख्खा हिवाळा तिथे काढला. ती माझ्या मामाची होती, त्यामुळे तिची हकिकत मला अफवा वगळून सांगता येते. मी तेव्हा लातुरातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. कोणत्या भागात नळाला पाणी कधी येणार, याची एक चौकट आम्ही रोज पहिल्या पानावर छापत असू. ती बहुधा चुकीची निघे आणि तरी सर्वांत जास्त वाचली जाई.

क्लासचा धंदा तेव्हा डाळीच्या धंद्याच्या पुढे निघाला होता. ज्या गोदामांत तूर असायची तिथे पोरं बसायला लागली होती. माल दोन्ही धंद्यांत बाहेरून येई, इथे भरडला जाई आणि मोठ्या शहरांत रवाना होई. अडचण एकच होती. भूकंपाची भीती पालकांच्या मनातून गेलेली नव्हती. मुलाला वसतिगृहात सोडताना बाप आधी छताकडे बघे आणि मग शिक्षकांकडे. म्हणून बऱ्याच क्लासनी वसतिगृहं पत्र्याची बांधली. उन्हाळ्यात ती भाजत, हिवाळ्यात गोठत, पण पडली तरी फारसं लागणार नाही असं सांगता येई.

या क्लासचे सर भौतिकशास्त्र शिकवत. शिकवायचे चांगलं, जाहिरात करायचे त्याहून चांगली. समोरच्या क्लासने निकालाच्या मिरवणुकीत हत्ती आणला तेव्हापासून त्यांना झोप लागत नव्हती. जाहिरातीचा मजकूर घेऊन ते आमच्या कचेरीत आले आणि माझ्या टेबलावर बसूनच त्यांनी विचारलं, "जमीन हलली तर काय हलत नाही?"

मी म्हटलं, "तहसील कचेरी."

"नाव," सर म्हणाले. "नाव पाण्यावर असते. जमीन हलली तरी तिला काही होत नाही. मला फाटकावर एक नाव पाहिजे. खरी. हत्तीला रोज खायला लागतं, नावेला काय लागतं?"

मामाचं गाव उमरी तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. अर्धी जमीन नदीपलीकडे, म्हणून आजोबांनी नाव करून घेतली होती. पावसाळ्यात पेरणीची माणसं, बियाणं, खतं तिच्यातूनच जात आणि गावातल्या इतरांचंही तिच्यावाचून चालत नसे. दिवाळीनंतर नदी उतरली की लोक गुडघाभर पाण्यातून चालत जात. मग मामा नाव गावाखालच्या डोहात नेई, तिच्यात दगड भरी आणि तिला बुडवून टाकी. मृगाच्या आधी दगड काढून तिला वर घेई. यात गूढ काही नव्हतं. लाकूड कोरडं पडलं की आकसतं, फळ्यांमधले सांधे उघडतात आणि तशी नाव पुन्हा पाण्यात घातली की भुईमुगाच्या टरफलासारखी दुभंगते. पाण्याखाली फळ्या फुगलेल्या राहतात. बुडालेली नाव सुरक्षित असते. मामाला हे इतकं उघड वाटे की तो ते कोणाला समजावून सांगत नसे. पुढचा सगळा घोळ त्यामुळेच झाला.

मामाची धाकटी मुलगी बारावीला होती. जूनमध्ये तिला या क्लासमध्ये जागा मिळाली नव्हती. दिवाळीनंतर सरांनी सरावाची नवी बॅच काढली, तीही जाहीर होण्याआधीच भरली. मी सरांना नावेचा पत्ता सांगितला तेव्हा बरोबर मुलीचाही सांगितला. व्यवहार सरळ ठरला: परीक्षा होईपर्यंत नाव फाटकावर आणि मुलगी वर्गात. मामाने विचार करायला एक दिवस घेतला. त्याला दोन्ही हवं होतं. मुलीची बारावी पार पडायला हवी होती आणि मृगाच्या आधी नाव जिवंत परत यायला हवी होती. तिच्याशिवाय पलीकडची जमीन पडीक राहिली असती.

"पाण्यात ठेवशाल ना?" एवढंच त्याने सरांना विचारलं.

"नाव पाण्यातच ठेवतात, मामा," सर म्हणाले.

नाव डाळमिलला तूर घेऊन येणाऱ्या ट्रकमधून, पोत्यांवर पालथी पडून आली. मामा तिच्याशेजारी पोत्यावर बसून आला. लोह्याला एकाने विचारलं, "लातुरात पूर आलाय का?" अहमदपूरला दुसऱ्याने सांगितलं की लातुरात पूर आलाय. संध्याकाळी आमच्या कचेरीत तीन फोन आले.

सरांनी फाटकाशेजारी सिमेंटचा हौद बांधून आतून निळा रंगवला होता. टँकरने पाणी सोडलं, नाव तरंगली. वर पाटी लागली: ‘जमीन हलली तरी आम्ही तरून जातो.’ पालक बघत उभे राहत. त्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यात नाव पाहिली नव्हती आणि उरलेल्यांना ती फाटकावर पाहायची सवय नव्हती. समोरच्या क्लासचा हत्ती त्याआधीच कुठल्याशा जत्रेला निघून गेला होता.

मार्गशीर्ष लागला आणि थंडी पडली. पत्र्याच्या वसतिगृहात पोरं सगळे कपडे अंगावर घालून झोपत. नळाचं पाणी लांबत गेलं. वसतिगृहाच्या टाकीत सकाळी खडखडाट आणि फाटकावर निळा हौद काठोकाठ भरलेला. बारावीच्या मुलांना यापेक्षा सोपं गणित त्या वर्षी कोणी घातलं नव्हतं. मुलं बादल्या घेऊन आली, मग मुली. चहाच्या गाडीवाल्याने कपबश्या तिथेच विसळायला सुरुवात केली. टँकरवाले चाचा हौद भरून वळेपर्यंत तो अर्धा झालेला असे. चाचांचं घर पिढ्यान्‌पिढ्या लातुरात, आधी मशकीने आणि मग टँकरने पाणी पोचवण्यात गेलेलं. त्यांनी मामाला पहिल्या भेटीतच विचारलं, "क्या मामू, तुम्हारी नाव पानी पीती क्या?"

"माझी न्हाई पीत, चाचा. तुमचं गाव पितं."

मामा दर आठवड्याला एसटीने येई. आधी हौदाकडे जाई, मग मुलीला भेटे. मुलीने हे हेरलं होतं.

"अप्पा, नाव बघितली का?"

"बघितली."

"बरी हाय का ती?"

"न्हाई बरी."

"मग आता मला बघा. मी पण वाळून राहिले."

पाणी ओसरलं की नाव हौदाच्या तळाला टेकून एका अंगावर कलायची आणि वरच्या बाजूला दिवसभर कोरडा वारा लागायचा. हिवाळ्यातला तो वारा उन्हाळ्यातल्या उन्हापेक्षा वाईट, असं मामा म्हणे. पौषात त्याने मला हौदात उतरायला लावलं. ज्या सांध्यात नख जायला नको होतं, तिथे त्याचं करंगळीचं टोक जात होतं. त्याने करंगळी काढून घेतली, धोतराला पुसली आणि थेट सरांच्या खोलीत गेला. मी मागोमाग गेलो.

"सर, नाव बुडवायची हाय," तो म्हणाला.

सरांनी पेन खाली ठेवलं. "काय करायची आहे?"

"बुडवायची. हौदात पाणी टिकत न्हाई ना? नको टिकू द्या. पाणी नावेत भरा. आतून भिजली तरी फळ्या बसतेत. त्याला लई पाणी लागत न्हाई."

"म्हणजे माझ्या फाटकावर पाण्याने भरलेली, तळाला गेलेली नाव?"

"हाव."

"वर पाटी काय आहे माहीत आहे ना?"

"पाटी काढा मग."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या मूलद्रव्यांच्या तक्त्याकडे पाहिलं. "मामा," सर शांतपणे म्हणाले, "परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. लांबलांबून पालक येतात आणि फाटकातून आत येताना त्यांना काय दिसणार? बुडालेली नाव. तुम्हाला पटत नसेल तर नाव घेऊन जा. पण मग बॅचमधल्या जागेचंही बघावं लागेल."

मामा बाहेर आला आणि हौदाच्या काठावर बसला. जगात नाव वाचवायचा एकच उपाय होता, तो म्हणजे ती बुडवणं. आणि या फाटकावर फक्त तेवढंच चालणार नव्हतं.

मुलगी वर्गातून आली. बापाने तिला सगळं सांगितलं. तिने उलट विचारलं, "सर म्हणाले का की बुडवू नका?"

"म्हणाले ना."

"पण मी बुडवली तर चालणार न्हाई, असं म्हणाले का?"

"तुझा विषय कशाला काढतील?"

"मग झालं."

मुलींची न्हाणीघरं थोड्या उंचावर होती आणि त्यांचं सांडपाणी फाटकाजवळच्या गटारीत जाई. तिने चाचांकडून टँकरचा टाकाऊ रबरी पाइप मिळवला. चाचांनी विचारलं, "बेटी, किस काम कू होना?" तिने सांगितलं, "भौतिकशास्त्राच्या प्रयोगाला." हे अगदीच खोटं नव्हतं. पाइपचं एक टोक न्हाणीघराच्या मोरीला बांधलं, दुसरं नावेत सोडलं. पहिले काही दिवस आंघोळीचं पाणी नावेच्या सगळ्या फटींमधून गळून हौदात जात राहिलं. मामाने येऊन आतून फटींवर भिजलेली पोती दाबली. मग गळती कमी झाली, मग थांबली आणि एका सकाळी नाव काठापर्यंत भरलेली दिसली. वर साबणाचा पांढरा फेस आला होता. तळाला एक टिकलीचं पाकीट आणि बऱ्याच केसांच्या पिना दिसत होत्या.

सर आले, पाहिलं आणि उभे राहिले. चौकशी करायला वेळ नव्हता, कारण त्याच रविवारी पालकांची सभा होती. भरलेली नाव रिकामी करायला निदान एक दिवस लागला असता आणि फाटकात सगळा चिखल झाला असता. त्यांनी मांडववाल्याला बोलावलं आणि हौदाभोवती लाल-पिवळी कनात उभारली. पाटी काढली. पहारेकऱ्याला ताकीद दिली: "आत काय आहे ते कोणाला दाखवायचं नाही. विचारलं तर काही बोलायचं नाही."

रविवारी मामा आला. नावेत पाय ठेवण्याआधी चपला काढायच्या, ही त्याची जन्माची सवय. चिखलाने फळ्या घसरड्या होतात म्हणून ती लागलेली. त्याने कनातीबाहेर चपला काढल्या, आत गेला, सांध्यांवरून हात फिरवला, फळ्या बसल्या आहेत हे पाहिलं. मग समाधानाने ओले हात तोंडावरून फिरवले आणि बाहेर आला. बाहेर निलंग्याकडचं एक पालक जोडपं उभं होतं.

"आत काय आहे हो?" बाईंनी पहारेकऱ्याला विचारलं.

"सरांनी सांगायचं नाही म्हटलंय," पहारेकरी म्हणाला.

बाईंनी मामाच्या चपलांकडे पाहिलं, मामाच्या ओल्या तोंडाकडे पाहिलं आणि स्वतःच्या चपला काढल्या.

सोमवारी कनातीपुढे एक नारळ होता. त्या आठवड्यात बरेच झाले. बांबूला धागे बांधलेले दिसू लागले. मुलगा गणितात कच्चा असेल तर डावीकडून फेऱ्या आणि जीवशास्त्रात कच्चा असेल तर उजवीकडून, असं कोणीतरी ठरवलं. कोणी ते शेवटपर्यंत कळलं नाही. पहारेकऱ्याने ताकीद पाळली आणि काहीच सांगितलं नाही. त्याच्या गप्प बसण्याने जेवढं काम केलं तेवढं कुठल्याही कथेने केलं नसतं. आमच्या वार्ताहराने ‘फाटकावरील जागृत नाव’ अशी बातमी आणली. मी ‘जागृत’ काढलं आणि ती एका कॉलमात, बाजारभावाखाली लावली. दुसऱ्या दिवशी गर्दी वाढली. बाजारभाव लोक वाचतात.

सरांनी तीन दिवस चिडून पाहिलं. चौथ्या दिवशी समोरच्या क्लासचे पालक रस्ता ओलांडून इकडे येताना त्यांना दिसले. पाचव्या दिवशी हौदाच्या काठाला फरशी लागली आणि कनात एका बाजूने दर्शनासाठी उघडली.

मामाची मुलगी एका दुपारी माझ्या कचेरीत आली. हसू दाबून तिचा चेहरा लाल झाला होता.

"दादा, बायका त्या पाण्यात बोटं बुडवून डोळ्यांला लावून राहिल्यात."

"मग?"

"दादा, ते आमचं आंघोळीचं पाणी हाय! आज तर आमच्या खोलीतल्या तिघींनी शिकेकाई लावली होती."

"तू सांगितलंस का कोणाला?"

"एका काकूंना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, किती छान वास येतोय बघ."

परीक्षा झाली. मुलीचे पेपर बरे गेले. नाव आतून घट्ट होती. मामाच्या हिशेबाने दोन्ही कामं झाली होती. तो ट्रक ठरवायला आला आणि सरांना रीतीप्रमाणे कळवायला त्यांच्या खोलीत गेला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मी पौषात पाहिला होता तसा झाला होता.

"न्हाई देत म्हणतो," तो म्हणाला.

सरांचं म्हणणं मी स्वतः जाऊन ऐकलं. "आता ती मामांची एकट्याची राहिलेली नाही. लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. जूनमध्ये नवे प्रवेश आहेत. मी दुसरी नाव घेऊन देतो मामांना."

"कुठून देता?" मामाने दारातून विचारलं. "गोदावरीच्या काठाला नाव करणारा सुतार उरला असेल तर मला दाखवा. मृग आला की माझी माणसं पलीकडं काय उडत जातेत?"

सरांनी खिडकीतून बाहेर बोट केलं. बाहेर कनातीभोवती पालक होते. त्यांच्यासमोर कोणी तिथून नाव उचलू लागला असता तर काय झालं असतं, हे मामालाही कळत होतं. नाव वाचली होती आणि वाचल्यामुळेच अडकली होती.

या वेळीही मुलगीच पुढे झाली. निकालाची चौकशी करायला आलेल्या पालकांच्या घोळक्यात सर उभे होते. ती सरळ त्यांच्यासमोर गेली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सर, विसर्जन कधी हाय?"

"कसलं विसर्जन?"

"यांचं." तिने कनातीकडे हात केला. "दिवाळीनंतर बसवलं ना? परीक्षा झाली. बसवलं की विसर्जन करावंच लागतं, सर. आमच्या गावात तर एक दिवस चुकला तरी..." आणि ती थांबली.

पुढचं घोळक्याने पूर्ण केलं. "हाव, हाव, विसर्जन तर पाहिजेच." "निकालाच्या आधी व्हायला पाहिजे हो, नंतर काय उपयोग?" "माझ्या पोराचा गणिताचा पेपर अवघड गेलाय, तुम्ही उगाच घोळ घालू नका." निलंग्याच्या बाई सर्वांत पुढे होत्या. "सर, वाहत्या पाण्यातच करायचं, हौदात न्हाई," त्यांनी सांगितलं.

सर भौतिकशास्त्राचे असले तरी बाजू पालटल्याचं त्यांना चटकन कळे. त्यांनी क्षणभर फाटकाकडे पाहिलं, मग रस्त्याच्या पलीकडच्या क्लासकडे. "मिरवणूक काढू," ते म्हणाले. "बँड लावून."

"गोदावरीला न्यावं लागेल," मुलगी म्हणाली. "आमच्या गावाखाली डोह हाय. चांगलाच खोल हाय."

ऐन वैशाखात नाव फुलांनी झाकून ट्रकवर चढली. ट्रक सरांनी केला, बँडही त्यांचाच. मामाची एकच अट होती की वाटेत ती कोरडी पडता कामा नये. म्हणून मागून चाचांचा टँकर आणि टँकरवर उभा राहून चाचांचा माणूस पाइपने नावेवर पाणी मारत होता. ज्या गावांना तेव्हा प्यायला टँकर मिळत नव्हता, त्या गावांमधून एक टँकर नावेला आंघोळ घालत गेला. अहमदपूरला लोकांनी हात जोडले. लोह्याला तोच माणूस पुन्हा भेटला. "लातुरातला पूर ओसरला का?" त्याने विचारलं. मामा म्हणाला, "ओसरला."

डोहाजवळ सरांनी स्वतःच्या हाताने नारळ फोडला. नाव पाण्यात लोटली. ती थोडी डुलली आणि तरंगत राहिली. पालक तिच्याकडे आणि मग मामाकडे पाहू लागले. मामा पाण्यात उतरला, गावकऱ्यांनी काठावरून दगड दिले, त्याने ते एकेक करून नावेत ठेवले. दरवर्षी ठेवायचा त्याच जागी, तसेच. काठ पाण्याला लागला, पाणी आत आलं आणि नाव खाली गेली. बायकांनी डोळे पुसले. बँड वाजला.

"बुडाली," सर हळू आवाजात म्हणाले. त्यांना बहुधा वाईट वाटत होतं.

"हाव, चांगली बुडाली," मामा म्हणाला.

निकाल लागला. मुलीला डॉक्टरीला जागा मिळाली नाही. परभणीच्या कृषी महाविद्यालयात मिळाली. सरांनी तिचा फोटो तरीही यशवंतांच्या फलकावर लावला, डॉक्टरीला लागलेल्यांच्या रांगेत, फक्त थोडा लहान. ज्याचा गणिताचा पेपर अवघड गेला होता त्या मुलाचं काय झालं ते कळलं नाही. त्याची आई मात्र पुढच्या वर्षीही समोरच्या क्लासकडे फिरकली नाही.

मृगाच्या आदल्या आठवड्यात मी मामाकडे गेलो होतो. त्याने डोहात उतरून दगड काढले, गावातल्या चौघांनी दोर ओढले आणि नाव वर आली. शेवाळ धुतल्यावर मामा तिच्या कडेकडेने गुडघ्यावर सरकत गेला. ज्या सांध्यात पौषात त्याचं करंगळीचं टोक गेलं होतं, तिथे त्याने नख लावून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग मलाही लावायला सांगितलं.

नख जात नव्हतं.

"चल," तो मुलीला म्हणाला. "बियाणाची पोती आण. आणि चपला काढ आधी."